वेताळाची मूळ पट्टी मिळतेय, पण तिच्यात वेताळच नाही. घेऊ का?

गोदाकाठचा: नमस्कार मंडळी. लहानपणी बाबा नाशिकरोड स्टेशनच्या स्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्स आणायचे, तेव्हापासून वेताळ (म्हणजे फँटम, जंगलातला मुखवटाधारी कॉमिक-नायक) मनात घर करून आहे. आता अमेरिकेतला एक विक्रेता वेताळाचे चित्रकार साय बॅरी यांच्या काळातली, वर्तमानपत्रासाठी शाईनं काढलेली मूळ दैनिक पट्टी ४०० डॉलरला देतोय. तीन चौकटी. दोनांत वेताळाचा मित्र गुर्रन आणि नायिका डायना बोलताहेत, तिसरीत नुसतं जंगल. पण ती झाडं! फोटो मोठा करून तासभर बघत बसलो होतो. ही खरंच हातानं काढलेली आहे हे कसं ओळखायचं? आणि वेताळाशिवायची पट्टी घ्यावी का?

शाईवेडा: तिरप्या उजेडात काढलेले फोटो मागवा. छापील काळा रंग सगळीकडे सारखा दिसतो. शाईचा काळा कुठे दाट, कुठे फिका असतो, मोठ्या काळ्या भागात कुंचल्याचे फटकारे दिसतात. चुका झाकलेला पांढरा रंग कागदावर किंचित उठून येतो, खाली पेन्सिलीच्या पुसट रेघाही सापडतात. चौकटीत बारीक आकड्यांत महिना आणि दिवस असतो, पट्टी वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या किंग फीचर्स कंपनीची कॉपीराइटची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर वर्षही कळतं. ते आधी बघाच. वेताळ-डायनाचं लग्न १९७७ च्या डिसेंबरात झालं, त्याच्या आसपासची पट्टी असेल तर डायना असणं हेच मोलाचं.

एक गोष्ट मनाशी धरून ठेवा. बॅरींनी १९६१ ते १९९४ वेताळ काढला, पण हाताखाली सहायक होते. सही बॅरींची असली तरी प्रत्येक रेघ त्यांचीच असेल असं नाही. मला यात कमीपणा वाटत नाही, पण माहीत असलेलं बरं.

जुनी_पानं: भाव वेशातल्या वेताळाला, त्याच्या घराला म्हणजे कवटीच्या गुहेला. म्हणून तर ही तुमच्या आवाक्यात आली! माझ्याकडे एकच पट्टी आहे, तिच्यातही वेताळ नाही, फक्त पावसातली होडी. अकरा वर्षं रोज बघतोय. पट्टी काचेला टेकू देऊ नका, मध्ये आम्लविरहित माउंट घाला, अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक लावा आणि उन्हाच्या भिंतीवर अजिबात टांगू नका. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरही नको, ओल मागून शिरते.

गोदाकाठचा: फोटो आले. झाडांच्या बुंध्यांवर कुंचल्याचे फटकारे स्पष्ट दिसताहेत आणि एका फांदीवर पांढरा ठिपका आहे, तिथे काहीतरी खोडलंय. डायनाच्या फुग्यात ‘बंगाल्ला’ लिहिलंय. वेताळाचा हा देश इंद्रजालमध्ये ‘डेंकाली’ होता, आपण तेच वाचत मोठे झालो, त्यामुळे क्षणभर अडखळलोच. पैसे आज पाठवतोय. फ्रेम घरातल्या आतल्या भिंतीला, बाबांच्या खुर्चीसमोर लावणार आहे.