पेटंटचे साल आणि रंध्याचे वय
स्टॅन्ली कंपनीच्या ‘बेली’ या लोखंडी रंध्यात फ्रॉगमागे (पाते ज्या तिरक्या भागावर टेकते त्याच्या मागे) ओतलेले १९१० हे साल म्हणजेच त्याचे निर्मितीवर्ष, असे काही जण मानतात; या मताशी मी सहमत नाही. ते पेटंटचे साल आहे. रंधा त्याच्या आधीचा नाही, एवढेच त्यावरून ठरते. १९०२ च्या दोन आणि १९१० ची एक अशा तीन तारखा असलेले रंधे साधारणपणे १९१० ते १९१८ या काळातले मानले जातात. मात्र सांगाड्याबरोबर लिव्हर कॅपही (पाते वरून दाबून धरणारा धातूचा भाग) तपासावी. आजोबांच्या पेटीतल्या पाच नंबरच्या रंध्यावर या तिन्ही तारखा स्पष्ट आहेत, पण त्याच्या कॅपचे भोक जुन्या कुलपाच्या छिद्रासारखे नसून मूत्रपिंडाच्या आकाराचे आहे, आणि तशी कॅप १९३३ च्या सुमारास आली. म्हणजे ती नंतर कुणीतरी बदललेली आहे. सुतारकामात सुटे भाग असे सर्रास बदलले जात, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

पात्यावरचा शिक्काही असाच मोलाचा पुरावा आहे आणि ग्राइंडरच्या तारेच्या ब्रशाने तो कायमचा पुसट होतो, म्हणून गंजलेले पाते मी रात्रभर रॉकेलमध्ये भिजवतो आणि शिक्क्याभोवती बारीक वॉटर पेपर हातानेच, हलक्या दाबाने फिरवतो.