मदत हवी आहे: हेपॅटायटिस सी, चार आठवडे गोळ्या घेऊनही व्हायरल लोडमध्ये ‘डिटेक्टेड’. औषध लागू पडत नाहीये का?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. आईच्या रिपोर्टबद्दल विचारायचं आहे. जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचावं.

आई ६१ वर्षांची आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात हेपॅटायटिस सी निघाला. तिला कधी कावीळ झालेली नाही. थकवा होता, पण तो आम्ही वयावर आणि थायरॉइडवर ढकलत होतो. १९८७ साली माझ्या जन्मानंतर तिला खूप रक्तस्राव झाला होता आणि रक्त चढवावं लागलं होतं. डॉक्टरांच्या मते तेव्हापासूनच हा विषाणू अंगात असावा.

१० डिसेंबरपासून सोफोस्बुविर ४०० आणि डॅक्लाटास्विर ६० चालू आहे, रोज एकेक, १२ आठवडे. एकही गोळी चुकलेली नाही.

औषधाआधीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण): २३,६०,००० आययू प्रति मिली, लॉग ६.३७.
७ जानेवारीचा: ‘एचसीव्ही आरएनए (म्हणजे हेपॅटायटिस सी विषाणूचा अंश) डिटेक्टेड, १५ पेक्षा कमी’, लॉग १.१८ पेक्षा कमी.

आईने रिपोर्ट हातात घेतला आणि ‘डिटेक्टेड’ या ठळक शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “म्हणजे आहेच की अजून.” त्या रात्री ती जेवली नाही. ओळखीच्या एका गृहस्थांचा चौथ्या आठवड्याचा रिपोर्ट ‘नॉट डिटेक्टेड’ होता, हे तिला कुणीतरी सांगून ठेवलंय. डॉक्टरांकडे गर्दी होती. “ठीक आहे, चालू ठेवा” एवढंच बोलणं झालं.

औषध बदलायला हवं का? की कोर्स वाढवायचा? आणि हा लॉग म्हणजे काय असतो?

चाचणीघर

ताई, आधी आईंना जेवायला घाला. रिपोर्ट चांगला आहे.

मी व्हायरल लोडच्या मशीनवर काम करते, म्हणून त्या बाजूनं सांगते. तुमच्या लॅबचं मशीन १५ च्या वरचे आकडे खात्रीनं मोजतं. त्याच्या खाली विषाणूचा अंश आहे एवढं त्याला कळतं, किती आहे ते सांगता येत नाही. तेव्हा आम्ही ‘डिटेक्टेड, १५ पेक्षा कमी’ असं लिहितो. अंशही सापडला नाही तर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. काही मशीनची ही सीमा १२ असते, काहींची २५. म्हणून दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून शब्दांची तुलना करू नये. शेवटची तपासणीही शक्यतो याच लॅबमध्ये करा.

लॉग म्हणजे दहाच्या पटीतलं माप. ६ चा ५ झाला की विषाणू दहा पटींनी घटला, ४ झाला की शंभर पटींनी. आई ६.३७ वरून १.१८ च्या खाली आल्यात. साध्या भाषेत, तेवीस लाखांवरून पंधराच्या आत. दीड लाख पटींहून जास्त घट झाली चार आठवड्यांत! औषध लागू पडत नसतं तर हे झालंच नसतं.

उलट बाजूही सांगते. एकाच रक्ताच्या दोन चाचण्यांत अर्ध्या लॉगपर्यंत फरक येऊ शकतो. समजा कुणाचा लोड आठ लाखांवरून वीस लाख झाला, तर लोक घाबरून फोन करतात, पण तेवढ्या फरकाला अर्थ नसतो. आकडा मोजता येण्याइतका उरला आणि पुढच्या तपासणीत दहापट किंवा जास्त वाढला, तर मात्र डॉक्टर वेगळा विचार करतात.

बडोदेकर

मी याच रस्त्यानं गेलोय, म्हणून लिहितो. माझ्याही चौथ्या आठवड्याच्या कागदावर ‘डिटेक्टेड’ होतं. औषध संपलं त्या दिवशी ‘नॉट डिटेक्टेड’ आलं, पण आमच्या डॉक्टरांनी पेढे वाटू दिले नाहीत. म्हणाले, शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी जो रिपोर्ट येईल तो खरा. त्याला एसव्हीआर १२ म्हणतात. औषध थांबल्यावरही १२ आठवडे विषाणू दिसला नाही, तर तो गेला असं धरतात. १०० पैकी ९५ च्या आसपास लोकांचा जातो.

आईंना दुसऱ्याच्या रिपोर्टशी ताडू देऊ नका. कुणाचा चार आठवड्यांत साफ होतो, कुणाचा आठ आठवड्यांत. शेवटी दोघेही बरे होतात.

आणखी एक. आमच्या घरी माझं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं. मी कुणाला काही बोललो नाही, पण ते फार लागलं होतं मनाला. हा आजार रक्तातून रक्तात जातो. जेवणातून, पाण्यातून, एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं नाही. ब्लेड, नेलकटर, दात घासायचा ब्रश, शुगर तपासायची सुई, एवढंच वेगळं ठेवा.

रामबाग_इंदूर

दोघांचे मनापासून आभार. आईला हे सगळं वाचून दाखवलं. लॉगचं गणित तिने दोनदा विचारलं, मग स्वतःच कागदावर शून्यं मांडून बघितली.

बडोदेकर काका, ताटाचं तुम्ही लिहिलंत आणि मला भरून आलं. आमच्याकडे कुणी सांगितलं नव्हतं, तरी आईच तिचं ताट वेगळं घासून खिडकीत पालथं घालत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ स्वतःच्या हातानं करणार नाही म्हणत होती. आता करणार आहे.

एक शंका राहिली. लोड तेवीस लाख होता, म्हणजे लिव्हर फारच खराब झालं असेल का? सोनोग्राफीत ‘इकोटेक्श्चर किंचित खरखरीत’ लिहिलंय. औषधाआधीची लिव्हरची एन्झाइम्स एसजीओटी ७८, एसजीपीटी ८४, प्लेटलेट १ लाख ४८ हजार.

चाचणीघर

व्हायरल लोडवरून लिव्हरची तब्येत कळत नाही. पन्नास लाख लोड असून लिव्हर ठणठणीत असलेले रुग्ण असतात आणि पन्नास हजारांत सिरॉसिस (लिव्हर निबर होऊन आकसणं) झालेलेही. त्यामुळे तेवीस लाखांची धास्ती सोडा. पण तुम्ही दिलेल्या बाकीच्या आकड्यांकडे मात्र मला लक्ष वेधायचं आहे.

लिव्हर किती निबर झालंय याचा अंदाज देणारा फिब-४ नावाचा एक हिशेब असतो. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं. आईंचे आकडे घातले तर उत्तर साधारण ३.५ येतं. १.४५ च्या खाली असेल तर काळजी कमी. ३.२५ च्या वर गेलं तर लिव्हरमध्ये जास्त फायब्रोसिस (व्रणासारखे तंतू वाढणं) किंवा सिरॉसिस असण्याची शंका धरतात. ही फक्त शंका, निदान नाही. वयामुळेही हा आकडा फुगतो.

हे का महत्त्वाचं? सिरॉसिस नसेल तर तुमच्या आईंना चालू आहे तोच १२ आठवड्यांचा कोर्स. सिरॉसिस असेल तर बहुधा सोफोस्बुविरबरोबर वेल्पाटास्विर देतात किंवा कोर्स लांबवतात. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या जीनोटाइप ३ या विषाणूच्या प्रकारात हा फरक आणखी जपावा लागतो. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा: “सिरॉसिस नाही हे कशावरून ठरवलं? फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करायचा का?” हा प्रश्न आत्ता विचारायचा आहे, कोर्स संपल्यावर नाही. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका किंवा वाढवू नका.

लष्कर_ग्वाल्हेर

औषध सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बी ची एचबीएसएजी तपासणी झाली होती ना, तेवढं फाइलमध्ये बघा. दोन्ही विषाणू अंगात असले तर सी दबल्यावर बी उसळू शकतो. आणि फिटची किंवा टीबीची औषधं, हृदयासाठी अमियोडॅरोन असं काही चालू असेल तर डॉक्टरांना माहीत हवं. नातेवाईक काविळीचे काढे आणि लिव्हरची चूर्णं घेऊन येतील, ती कोर्स संपेपर्यंत तरी नको.

खर्च जड जात असेल तर राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत मिळतात. २०१८ पासून चालू आहे. इंदूरच्या एमवाय रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

रामबाग_इंदूर

चाचणीघर ताई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा चिठ्ठीवर लिहून नेला. या वेळी डॉक्टरांनी नीट वेळ दिला. फायब्रोस्कॅन झाला, १०.२ किलोपास्कल आलं. सिरॉसिस नाही, पण फायब्रोसिस बऱ्यापैकी पुढे गेलंय असं ते म्हणाले. हाच कोर्स १२ आठवडे पुरा करायचा, आणि विषाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची. एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, फाइलमध्ये होतं.

हे आधी कळलं हे फार बरं झालं. विषाणू गेला की दवाखाना संपला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नंतर करायचंय. तेव्हा पुन्हा एचसीव्ही पॉझिटिव्ह येईल का?

चाचणीघर

येईल. ऑपरेशनआधीची ती चाचणी अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेल्या प्रथिनांची असते. विषाणू गेल्यावरही अँटिबॉडी वर्षानुवर्षं, पुष्कळदा जन्मभर राहतात. म्हणून एसव्हीआर १२ चा कागद जपून ठेवा आणि तिथल्या डॉक्टरांना तोच दाखवा. अँटिबॉडीची चाचणी पुन्हा पुन्हा करून जिवाला घोर लावून घेऊ नका. फक्त एवढं लक्षात असू द्या की अँटिबॉडी असल्या तरी पुन्हा लागण होऊ शकते. सुया, टॅटू, दाढीची दुकानं, काळजी तीच.

तारीख लिहून ठेवा. १० डिसेंबरला पहिली गोळी, म्हणजे ३ मार्चला शेवटची. त्यानंतर १२ आठवडे म्हणजे २६ मे. चार-आठ दिवस उशीर झाला तर चालेल, लवकर नको.

एक विचारू का? तुमच्यानंतर आईंना आणखी मूल झालं का?

रामबाग_इंदूर

हो, धाकटा भाऊ. १९९० चा. पुण्याला असतो. का?

चाचणीघर

रक्त १९८७ ला तुमच्या जन्मानंतर चढवलं. हा विषाणूच मुळी १९८९ मध्ये ओळखला गेला, तेव्हा ते रक्त तपासायचा प्रश्नच नव्हता. लागण तेव्हाची असेल तर भाऊ पोटात असताना आईंच्या अंगात तो होता. आईकडून बाळाला जाण्याचं प्रमाण कमी आहे, १०० त पाचएक. पण आईंना इतकी वर्षं काही जाणवलं नाही, तसं त्यालाही जाणवणार नाही. एकदा अँटिबॉडी तपासून घ्यायला सांगा. निगेटिव्ह आली तर विषय मिटला. पॉझिटिव्ह आली तर व्हायरल लोड, आणि लागलाच तर हाच १२ आठवड्यांचा उपाय. तुम्ही आणि बाबांनीही एकदा करून घ्या.

रामबाग_इंदूर

हे कुणीच सुचवलं नव्हतं. भावाला आत्ताच फोन केला. तो उद्या सकाळी ऑफिसला जाण्याआधी रक्त देतोय. आम्ही दोघं शनिवारी जातो. सगळ्यांचे रिपोर्ट इथेच टाकते. २६ मेनंतर आईचाही.