मदत हवी आहे - बिळात राहणाऱ्या प्राण्यांबद्दल

नमस्कार मंडळी, मुलीला बीळ खोदणाऱ्या प्राण्यांवर तक्ता करायचाय आणि तिच्यापेक्षा मीच जास्त गुंतलेय त्यात. प्रेअरी डॉग (उत्तर अमेरिकेतला खारीच्या कुळातला प्राणी) याच्या बिळाला म्हणे दोन तोंडं असतात, एकाभोवती मातीचा ढीग उंच आणि दुसऱ्याभोवती बुटका, त्यामुळे वरून वारा वाहिला की आत आपोआप हवा खेळते, आणि ढिगामुळे पावसाचं पाणीही सहज आत शिरत नाही. केवढी अक्कल बघा!! घूस तर बिळात धान्य साठवते हे आपल्याला माहितीच आहे.

आता मी अडलेय ते आयत्या बिळावर नागोबा या प्रकारात. साप, घोरपड झालं, आफ्रिकेत आर्डवार्क या मुंग्या-वाळवी खाणाऱ्या प्राण्यानं खणलेल्या बिळात रानडुकरासारखा वॉर्टहॉग राहतो, आत जाताना उलटा शिरतो म्हणजे सुळे दाराकडे राहतात. पण मूळ मालक परत आला तर काय होतं, भांडण की तो सरळ नवीन बीळ खणतो? आणि आपल्याकडे साळिंदराच्या बिळात दुसरं कोण राहतं? कुणी स्वतः पाहिलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, आणि बिळाचा आतून काढलेला नकाशा कुणाकडे असेल तर तोही टाका, चित्र तिला स्वतःच काढायचंय.