मदत हवी आहे: दाजी डॉक्टरकडे यायला तयार नाहीत (इंदूर)

रामबागकर: दाजी ४६ वर्षांचे, राजवाड्याजवळ दुकान. पहाटे तीनला जाग येते, गिऱ्हाइकांवर खेकसतात, रोजची दारू वाढलीय. बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की "मी वेडा आहे का?" म्हणून उठून जातात. फसवून न्यावं का?

उत्तर १: अजिबात नको. एकदा फसवलंत की पुढच्या वेळी ते घराबाहेरच पडणार नाहीत. झोपेचं निमित्त धरा, ते खोटंही नाही. नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. बीपी, साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२ तपासून घ्या, थायरॉइड मंदावलं तरी माणूस असा होतो. गडबड पुढे होते. पुरुष तिथे "उदास वाटतं" म्हणत नाही, "ॲसिडिटी आहे" म्हणतो, आणि गोळी घेऊन घरी येतो. म्हणून ताईंनी चिठ्ठी लिहून द्यावी: कधीपासून, जाग किती वाजता, रोज किती पेग, वजन किती उतरलं. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव याच डॉक्टरांकडून येऊ द्या. मेहुण्याचं ऐकणार नाहीत, त्यांचं ऐकतील.

नैराश्य किती आहे ते पाहणारी पीएचक्यू-९ प्रश्नावलीही भरून न्या. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांचे, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा वर गेली तर टाळू नका. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

उत्तर २: दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला तर थेट रुग्णालय.

नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र आधी. काहींना शरीरसंबंधात अडचण येते; हे बायकोलाही न सांगता गोळी गुपचूप बंद होते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात.

रामबागकर: एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत कोणी ओळखीचं भेटलं तर?

उत्तर १: मग सुरुवात फोनने. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास. आधी ताईंनीच करावा, घरच्यांनाही सल्ला देतात. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गोपनीय ठेवावी लागते, हे दाजींच्या कानावर घाला. पहिल्या भेटीत त्यांना दहा मिनिटं एकट्यालाच आत जाऊ द्या; ताईंनी मागाहून जावं.