मदत हवी आहे: तो मला कॅमेऱ्यातून बघतो

शेवउसळ
जरा लवकर सांगा, रात्री परत फोन येईल त्याचा. काल कामावरून परतताना मेसेज आला, "पाऊस थांबलाय ना, मग टोपी काढ की." मी रेनकोटची टोपी अजून खाली केली नव्हती! तो बडोद्यात बसून टेंपल बारचा लाइव्ह कॅमेरा लावतो. तो बंद करायला कुणाला लिहायचं?

दांडियाबाजारकर
देवळाजवळ बार? आमच्या दारूबंदीच्या गुजरातेत नक्कीच नाही. कुठे आहेस? आणि "तो" म्हणजे नवरा?

शेवउसळ
डब्लिन, आणखी कुठे! साखरपुडा झालाय. कॅमेऱ्याचं सांगा ना.

निवृत्तकाका
काळजीपोटी बघत असेल पोरगा. मीही 1 जानेवारीला सकाळी साडेदहाला न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर लावतो, तिथे तेव्हा रात्रीचे बारा.

मांडवीची
काका, त्या गर्दीत सूनबाईंची टोपी शोधता का?

गच्चीवाला
आमच्याकडे माकडांसाठी गच्चीत कॅमेरा लावलाय. ढिम्म फरक नाही.

रात्रपाळी
तो कॅमेरा पर्यटकांसाठी आहे, अख्खं जग बघतं, तुझ्यासाठी कोण बंद करणार? मला वेगळंच खटकतंय. तू किती वाजता परततेस?

शेवउसळ
नऊ. कधी साडेदहा.

रात्रपाळी
म्हणजे सध्या बडोद्यात दीड ते तीन. माणूस रोज दीड तास पडद्याकडे डोळे लावून बसेल? तू निघालीस हे त्याला आधीच कळतं. फोन कुणी घेऊन दिला?

शेवउसळ
त्यानेच, फतेहगंजमधून. सेटही त्यानेच केला. परवा लायब्ररीत होते तेव्हा "अजून तिथेच?" असं आलं होतं... तिथे कुठला लाइव्ह कॅमेरा!

रात्रपाळी
मग झालं तर. मॅप्समध्ये वर स्वतःच्या फोटोवर टिचकी मार, लोकेशन शेअरिंग बघ. गूगल खात्यात कुठली डिव्हाइसेस लॉगिन आहेत तेही बघ. आधी स्क्रीनशॉट, मग पासवर्ड, आणि तो कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून बदल.

दांडियाबाजारकर
थांब, बंद केलंस की त्याला कळणारच. आधी घरी कुणालातरी सांगून ठेव.

निवृत्तकाका
एवढ्यावरून सोयरीक मोडणार?

मांडवीची
मोडा असं कोण म्हणालं? पण बाईच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये येतं. आयर्लंडमध्येही 2023 पासून पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे.

निवृत्तकाका
आमच्या वेळी पत्र यायला महिना लागायचा.

शेवउसळ
बघितलं. दोन नावं आहेत, दोन्हींखाली "तुम्ही हे बंद करेपर्यंत". एक त्याचं. दुसरं बाबांचं.

दांडियाबाजारकर
बाबांनी मागितलं होतं, की त्यानेच लावून दिलं?

शेवउसळ
माहीत नाही. फोन वाजतोय.