'डार्क नाइट राइजेस'चा शेवट पळवाट आहे म्हणणाऱ्यांसाठी

निशाचर

परवा इथेच एकाने लिहिलं की नोलानच्या तीन बॅटमॅनपटांतला शेवटचा, 2012 चा 'द डार्क नाइट राइजेस', म्हणजे नुसत्या पाट्या टाकल्यात. दुसऱ्या भागातला खलनायक जोकर नाही म्हणून जीव नाही, पाठ मोडलेला माणूस एका गुद्द्यात बरा होतो, बाँब समुद्रावर फुटतो आणि हीरो मजेत फ्लॉरेन्सला जाऊन बसतो. वर शेवटी 'प्रेक्षकांच्या तोंडाला पानं पुसली' हे वाक्य. त्याखाली सहमत, सहमत, अशी रांग लागलेली बघून राहवलं नाही. तिथे लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं, म्हणून वेगळा धागा. सिनेमा बघितला नसेल तर पुढे वाचू नका, सगळं फोडणार आहे.

मी हा ठाण्यात पहिल्याच रविवारी बघितला. तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि तेव्हा मलाही आधीच्या 'डार्क नाइट'पुढे कमीच वाटला होता. गेल्या आठवड्यात घरी परत लावला आणि पहिल्या अर्ध्या तासातच उठून बसलो. ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, पडद्यावर येतो तो काठी टेकत. आठ वर्षं घराबाहेर पडलेला नाही. डॉक्टर त्याला सांगतो की गुडघ्यात कूर्चाच उरलेली नाही. मग तो पायाला यंत्राचा पट्टा आवळतो, दात-ओठ खात, आणि परत बाहेर पडतो. हीरोचं शरीर झिजतं, हे इतकं सरळ दाखवणारा दुसरा सुपरहीरोपट मला तरी माहीत नाही.

आणि विहीर. 2005 च्या पहिल्या भागात, 'बिगिन्स'मध्ये, लहानगा ब्रूस विहिरीत पडतो, वटवाघळं अंगावर येतात, पुढे त्याच भीतीचं तो हत्यार करतो. सात वर्षांनी नोलान त्याला परत विहिरीतच टाकतो, विहिरीसारख्या खोल तुरुंगात. आता त्याला भीतीच उरलेली नाही. दोर बांधून उडी मारतो आणि आपटतो. तुरुंगातला आंधळा म्हातारा त्याला सांगतो की मरणाची भीती नसणं हीच तुझी कमजोरी आहे. दोर सोडून उडी मारतो तेव्हा भिंतीतून वटवाघळं उडतात, आणि मग हाताला कठडा लागतो. तीन सिनेमांचं वर्तुळ तिथे पूर्ण होतं. याला पाट्या टाकणं म्हणायचं?

शेवटाबद्दलही सांगतो. माझे बाबा तीस वर्षं ट्रक चालवायचे. मणक्याची गादी सरकली, साठीनंतर गाडी विकली. आजही पहाटे चारला उठतात, नाक्यावर जातात आणि उभ्या असलेल्या दुसऱ्यांच्या ट्रकची चाकं ठोकून हवा बघतात. त्यांना थांबता येत नाही. म्हणून ब्रूसला थांबता आलं, हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मरणं सोपं होतं त्याला. थांबणं अवघड होतं.

काळाघोडा

ज्या पोस्टीवर तुम्ही चिडलात ती माझी नाही, पण सहमत लिहिणाऱ्यांत मी होतो, म्हणून उत्तर देतो.

बाबांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण त्याने पटकथा सुधारत नाही. माणूस अणुबाँब घेऊन समुद्रावर जातो, शहर त्याचा पुतळा उभारतं, पोलीस आयुक्त गॉर्डन अंत्यविधीला वाचून दाखवतो, ब्रूसचा जुना नोकर आल्फ्रेड थडग्यापुढे रडतो. आणि मग कळतं की विमानाचा ऑटोपायलट सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त करून ठेवला होता. म्हणजे आपण ज्या बलिदानासाठी रडलो ते घडलंच नाही. यालाच आम्ही पळवाट म्हणतो.

दुसरं, बेन, या भागातला खलनायक. दोन तास त्याला एवढा मोठा केला, तो पडद्यावर आला की अंगावर काटा येतो. मग शेवटच्या वीस मिनिटांत कळतं की विहिरीतून वर चढलेलं पोर तो नव्हताच, ती ब्रूसची मैत्रीण म्हणून वावरणारी टालिया होती. एका वाक्यात बेनचा गडी झाला. आणि मरतो कसा? चोरटी कॅटवुमन बॅटपॉडवरून, म्हणजे बॅटमॅनच्या बाइकवरून, येते, एक तोफ, संपला. जोकरला असं कुणी संपवलं असतं का?

तिसरं, शेअर बाजारावरचा हल्ला भरदिवसा, पाठलाग बोगद्यात शिरतो आणि बाहेर पडेपर्यंत काळीकुट्ट रात्र. चौथं, तो विहिरीतून वर येतो तेव्हा मागे मेहरानगड दिसतो. आमच्या थिएटरात 'अरे, जोधपूर!' म्हणून कुणीतरी ओरडलं होतं. तिथून खिशात दमडी नसताना, पूल तुटलेल्या, वेढा पडलेल्या गॉथम शहरात हा पोचला कसा?

सायली_फिजिओ

सिनेमाच्या वादात मला पडायचं नाही, मला तो गुद्दा खटकतो. मणका बाहेर आलाय म्हणून माणसाला दोराने टांगायचं आणि पाठीत गुद्दा मारून तो आत बसवायचा! कथेत खपतं, मान्य. पण हे बघून 'बघा, असंही होतं' म्हणणारे पेशंट मला रोज भेटतात.

मणका असा बाहेर येत नाही. दोन मणक्यांमधली गादी सरकते, नस दाबली जाते, पायात कळ उतरते. बहुतेक लोक औषध, थोडी विश्रांती आणि नीट व्यायामाने सहा ते बारा आठवड्यांत बरे होतात. पण लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर तो एक दिवसही थांबण्याचा प्रश्न नसतो. तेव्हा कुणी पाठीत गुद्दा, गुडघा, लाथ मारली तर माणूस कायमचा बसतो.

माझे सख्खे काका हाडवैद्याकडे गेले. त्याने कमरेवर गुडघा देऊन दोन्ही खांदे मागे ओढले. 'कट' आवाज आला, सगळे म्हणाले बसलं. रात्री डावं पाऊल उचलेना. ऑपरेशन झालं तरी आज चालताना चप्पल पायातून निसटते.

मालवणी_माणूस

सायलीताई, तुमच्या काकांचं वाईट झालं. पण एका माणसाच्या चुकीवरून सगळ्या हाडवैद्यांना झोडपू नका. माझ्या आजीचं मनगट मोडलं तेव्हा तालुक्याला जायला रस्ता धड नव्हता. गावच्या वैद्याने बांबूच्या कामट्या लावून, लेप देऊन बांधलं. त्याच हाताने आजीने पुढे पंचवीस वर्षं नारळ खवले. डॉक्टर मात्र अजून आमच्याकडे आठवड्यातून दोनदाच येतो.

आणि गुद्द्याचं म्हणाल तर आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. तो कमरेवर पाय लावतो, झटका देतो, माणूस उठून कामाला जातो. मी स्वतः दोनदा उठलोय. तो सीन बघताना मला ते अगदी घरचं वाटलं.

सायली_फिजिओ

उसण म्हणजे स्नायू धरलेला असतो, तो दोन-चार दिवसांत आपोआपही सुटतो. पायाळूच्या पायाने सुटला असं वाटतं. गादी सरकली आणि उसण भरली, यातला फरक तो पाय लावणारा कसा ओळखणार? तुम्ही 'दोनदा उठलो' म्हणताय. जो उठला नाही तो इथे लिहायला येत नाही, हे लक्षात घ्या.

मालवणी_माणूस

म्हणजे आम्ही अडाणी, असंच ना? शहरात बसून हे बोलणं सोपं आहे. एमआरआयला जायचं तर अख्खा दिवस, गाडीभाडं, आणि हातात पाच-सहा हजार हवेत. आधी ते गावात आणा, मग वैद्याला नावं ठेवा.

सायली_फिजिओ

अडाणी मी म्हटलेलं नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. सोय नाही हे खरं, त्याबद्दल तुमच्याइतकीच चीड मला आहे. पण सोय नाही म्हणून लाथ बरोबर ठरत नाही.

पिवळी_पानं

जरा कॉमिक्सवाल्यांचंही ऐका. बेनने पाठ मोडणं हे नोलानचं नाही, ते 1993 च्या 'नाइटफॉल' या कॉमिक्समधलं. तिथे ब्रूस चाकाच्या खुर्चीत जातो, त्याचा मुखवटा जाँ-पॉल व्हॅली नावाचा दुसराच माणूस घालून शहरभर धुमाकूळ घालतो. आणि ब्रूस बरा कसा होतो? शोंड्रा किन्सॉल्व्हिंग नावाच्या डॉक्टरीणबाईंच्या अंगात दैवी शक्ती असते, तिने. त्यामानाने नोलानचा गुद्दा, दोर आणि महिनोन्‌महिने काढलेल्या जोरबैठका कितीतरी जमिनीवरच्या आहेत.

जोकरबद्दल 'नाही म्हणून जीव नाही' लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. जोकर साकारणारा हीथ लेजर जानेवारी 2008 मध्ये गेला, तेव्हा 'डार्क नाइट' प्रदर्शितही झाला नव्हता. तिसऱ्या भागात जोकरचं नावसुद्धा घेतलेलं नाही, ते मुद्दाम. दुसरा नट उभा करून तिकिटं खपवता आली असती. नाही केलं, याचा आदर ठेवा.

काळाघोडा

लेजरबद्दल कुणीच वाकडं बोललेलं नाही. आणि धाग्याचं नाव शेवटाबद्दल आहे, निम्मे प्रतिसाद मणक्यावर. निशाचर, माझ्या चार मुद्द्यांना उत्तर आहे की नाही?

निशाचर

आहे. दिवसाची रात्र होते ते चुकलंय, त्यावर मी भांडणार नाही. बेनच्या मरणाबद्दलही तुमचंच बरोबर म्हणावं लागतंय, नाइलाजाने. त्याचा मृत्यू मलाही दर वेळी घाईत उरकल्यासारखा वाटतो. टालियाचं मात्र नाही. बेनने आयुष्यात एकाच पोरीला जपलं आणि त्यापायी तोंड फोडून घेतलं, हे कळल्यावर मुखवट्यामागे त्याचे डोळे भरतात. बेन झालेल्या टॉम हार्डीचा फक्त वरचा अर्धा चेहरा दिसतो आणि तेवढ्यात तो हे करतो. त्याने बेन लहान होत नाही.

गॉथमला पोचला कसा? 'बिगिन्स'मध्ये हाच माणूस सात वर्षं जगभर कफल्लक फिरला, चोरांत राहिला. त्याला वाट काढता येते, हे आधीच दाखवून झालंय.

आता ऑटोपायलट. तुम्ही म्हणता बलिदान घडलंच नाही. आल्फ्रेड आधी काय सांगतो आठवा. ब्रूस परागंदा होता त्या वर्षांत तो दर वर्षी फ्लॉरेन्सला आर्नोकाठच्या कॅफेत जाऊन बसायचा. पलीकडच्या टेबलावर ब्रूस दिसावा, सोबत बायको असावी, दोघांनी एकमेकांशी काहीच बोलू नये, एवढीच इच्छा. हे तो सांगतो तेव्हा ब्रूस मरायच्या तयारीत असतो, आणि आल्फ्रेड घर सोडून जातो ते त्याला पुरायचं नाही म्हणूनच. शेवटी ब्रूसने त्या म्हाताऱ्याचं ऐकलं. हवेली अनाथ मुलांना दिली, बॅटमॅनची गुहा तरुण पोलीस ब्लेकला दिली, मोत्यांची माळ सेलिनाच्या, म्हणजे कॅटवुमनच्या, गळ्यात. आईची माळ होती ती, जिच्यापायी हे सगळं सुरू झालं. त्याने बॅटमॅन खरंच सोडला. मेला असता तर तो मरेपर्यंत बॅटमॅनच राहिला असता.

काळाघोडा

माळेचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. बरं, ते घ्या. आणि आल्फ्रेड नुसती मान हलवतो, उठतो, बिल ठेवून निघून जातो, तो सीन चांगला आहे हे मी कधीच नाकारलं नव्हतं. पण मग पुतळा, थडगं, रडारड आधी कशाला? मला रडवून मग फसवलं, हे माझ्या मनातून जात नाही. बेनबद्दल तर अजिबात मागे हटणार नाही.

मालवणी_माणूस

निशाचर, बाबांना एकदा आमच्या वैद्यांना दाखवा. पाय लावायला नको, निदान तेल तरी लावून घ्या.

सायली_फिजिओ

तेलाला माझी हरकत नाही. निशाचर, बाबा चाकं ठोकताना वाकतात का उकिडवे बसतात? पायाला मुंग्या येतात का? आज संध्याकाळी त्यांना टाच जमिनीवर टेकवून दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला सांगा. दोन्ही सारखे उचलतात का ते बघून इथे लिहा.