सहा मिनिटांत २० मीटर जास्त?
फुप्फुसांच्या पुनर्वसनानंतर (म्हणजे रुग्णाला व्यायाम वगैरे शिकवण्याच्या कार्यक्रमानंतर) सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत रुग्णाने कापलेलं अंतर २० मीटरने वाढलं, म्हणजे गुण आला, असा एक दावा आहे. घाई नको. सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) साधारण ३० मीटरच्या आतला फरक अर्थपूर्ण धरत नाहीत. शिवाय दुसऱ्यांदा चालताना नुसत्या सरावानेही अंतर वाढतं. म्हणून सुरुवातीलाच, मध्ये अर्धा तास विश्रांती देऊन, दोन चाचण्या घ्यायच्या आणि मोठा आकडा धरायचा. मार्गही दोन्ही वेळा तोच, ३० मीटर सरळ. १० मीटरच्या बोळात वळण्यातच वेळ जातो. सोबत चालणाऱ्याने रुग्णाच्या पुढे जाऊ नये, नाहीतर वेग तोच ठरवतो (सर्रास होतं हे). रक्तातला ऑक्सिजन (ऑक्सिमीटरवरचा आकडा) ८० टक्क्यांखाली गेला तर रुग्णाला थांबवा, घड्याळ मात्र थांबवू नका. ८५ झाल्यावर पुन्हा चालू द्या.